उशिरा येणाऱ्या पैशाचं व्याज



बारामती-इंदापूर या दोन तालुक्यांत कर्जावर बोलायला उभं राहणं हे धाडसच आहे. सोसायटीचं कर्ज, ठिबकचं कर्ज, ट्रॅक्टरचं कर्ज, विहिरीचं कर्ज. इथल्या शाळा अर्धवट सोडलेल्या शेतकऱ्यालाही व्याजाचा हिशेब माझ्यासारख्या अर्थशास्त्राच्या मास्तराआधी येतो. तरीही मी आज कर्जावरच बोलणार आहे. फक्त कर्जदार वेगळा आहे. तो शेतकऱ्याचा मुलगा आहे किंवा मुलगी आहे, वय पंचवीस ते पस्तीस, पीएचडीला नाव नोंदवलेलं आहे, फेलोशिप मंजूर आहे आणि खात्यात पैसे नाहीत.

फेलोशिप मंजूर आहे आणि खात्यात पैसे नाहीत. वाक्य मुद्दाम दोनदा म्हटलं, कारण मला जे सांगायचं आहे ते एवढ्यातच आहे.

डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या अधिवेशनात ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ असा सवाल झाला. कुणी केला, ते निदान या सभागृहाला मी सांगायला नको. (हशा) त्यावर बरीच आरडाओरड झाली. मला स्वतःला त्या सवालाचा फारसा राग आला नाही. आपल्या पारावर तो रोजच विचारला जातो. ‘अजून शिकतोयच का रे? कधी संपणार?’ फरक इतकाच की, पारावर विचारणाऱ्याच्या हातात अंदाजपत्रक नसतं.

आधी रकमेचं बोलू, म्हणजे गैरसमज राहणार नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची कनिष्ठ संशोधन फेलोशिप, जिला सगळे जेआरएफ म्हणतात, ती १ जानेवारी २०२३ पासून महिन्याला ३७,००० रुपये आहे. दोन वर्षांनी कामाचं मूल्यमापन झालं की ४२,०००, त्या टप्प्याला एसआरएफ म्हणतात. त्याआधी हे आकडे ३१,००० आणि ३५,००० होते. बार्टी, सारथी, महाज्योती या आपल्या राज्यातल्या संस्थांच्या फेलोशिपही साधारण याच धर्तीवर चालतात. शिवाय घरभाडं मिळतं, पण त्यात मेख आहे. पुणे हे केंद्राच्या वर्गवारीत वरच्या वर्गाचं शहर, बारामती खालच्या वर्गाचं. पुण्यातल्या विद्यार्थ्याला जितक्या टक्क्यांनी घरभाडं मिळतं, त्याच्या एक तृतीयांश टक्के इथल्या विद्यार्थ्याला. इथे एमआयडीसी आहे, हजारो मुलं शिकायला येतात, कॉटबेसिसवर खोल्या जातात. तरी सरकारदरबारी बारामती अजून स्वस्तच आहे! किरकोळ संशोधनखर्चासाठी मानव्यविद्यांच्या विद्यार्थ्याला पहिली दोन वर्षं वर्षाला १०,००० रुपये. ज्यांनी इंदापूर तालुक्यातल्या गावोगावी फिरून प्रश्नावल्या भरून घेतल्या असतील त्यांना विचारा, दहा हजारांत पेट्रोल किती आणि झेरॉक्स किती.

पण मी रकमेची तक्रार करायला आलो नाही. सदतीस हजार ही वाईट रक्कम नाही. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापकांना, आपल्या सीएचबीवाल्यांना, महिन्याला एवढे मिळाले तर ते पेढे वाटतील. मग रडगाणं कशाचं?

रडगाणं तारखेचं आहे.

तुम्हाला हे समजायला वेळ लागणार नाही, कारण तुम्ही उसवाले आहात. फेलोशिप कागदावर पगारासारखी दिसते, वागते मात्र ऊसबिलासारखी. सोमेश्वर, माळेगाव, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर, कारखाना कुठलाही घ्या. ऊस तुटून गेला, वजनाची पावती हातात आली आणि पैसे? येतील. कधी? येतील. फेलोशिपचंही तसंच. दर महिन्याला हजेरीचं प्रमाणन व्हायचं, मार्गदर्शकाची सही, विभागप्रमुखाची सही, मग पोर्टलवर नोंद, मग पैसे थेट खात्यात. या साखळीतली एक कडी अडकली की सगळं थांबतं. आधारवर नाव एका प्रकारे, बँकेत दुसऱ्या प्रकारे. पोर्टल बदललं. जेआरएफचा एसआरएफ करायची समिती बसली नाही, कारण बाहेरचे तज्ज्ञ परीक्षेच्या कामात. आणि मग एक दिवस सहा महिन्यांचे एकदम येतात. सहा गुणिले सदतीस हजार, दोन लाख बावीस हजार. घरात बातमी पसरते, भावकीत पसरते. ‘दोन-सव्वादोन लाख आले म्हणे!’ त्यातले किती आधीच खाऊन झालेत, हे कुणी विचारत नाही.

आता एक फरक सांगतो, आणि तो मला फार महत्त्वाचा वाटतो. १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश आहे. त्यात लिहिलंय की ऊस दिल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्या, नाही दिले तर वर्षाला पंधरा टक्क्यांनी व्याज द्या. मिळतं का ते व्याज? तुम्ही हसताय, म्हणजे उत्तर मला कळलं. (हशा) पण कायद्यात ते आहे. ते आहे म्हणून शेतकरी संघटना पुण्याला साखर संकुलावर जाऊन आयुक्तांना जाब विचारू शकते. उशीर हा तिथे गुन्हा धरला आहे, त्याची किंमत ठरवली आहे. फेलोशिपच्या उशिराची किंमत कुणी ठरवली? सहा महिने थकलेल्या फेलोशिपवर कुणाला एक रुपया व्याज मिळालं, असं मी आजवर ऐकलेलं नाही. उशीर सरकारचा आणि व्याज विद्यार्थ्याचं.

किती व्याज? चला, फळ्यावर मांडल्यासारखं मांडू. खोलीभाडं, मेस, प्रवास, मोबाईल, घरी थोडे, असे महिन्याला वीस हजार लागतात असं धरा. सहा महिने पैसे आले नाहीत. दर महिन्याच्या सुरुवातीला वीस हजार उचलले, शेकडा तीनने. पहिल्या वीस हजारांवर सहा महिन्यांचं व्याज, दुसऱ्यावर पाच, तिसऱ्यावर चार. एकूण १२,६०० रुपये. शेकडा पाचने घेतले तर २१,०००. म्हणजे एका महिन्याच्या अख्ख्या खर्चाहून जास्त रक्कम गेली, फक्त कुणीतरी एक बटण वेळेवर दाबलं नाही म्हणून. शेकडा पाच म्हणजे वर्षाला साठ टक्के. राज्याच्या २०१४ च्या सावकारी कायद्याखाली परवानाधारक सावकाराला बिगरशेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला अठरा टक्क्यांच्या वर घेता येत नाही. आणि जो शेकडा पाच मागतो त्याच्याकडे परवाना नसतो, हे वेगळं सांगायला नकोच.

मग ही मुलं बँकेत का जात नाहीत? जातात की. बँक पगारपत्रक मागते. फेलोशिपला पगारपत्रक नाही. शिष्यवृत्तीवर आयकर नाही, म्हणून फॉर्म सोळा नाही. फॉर्म सोळा नाही, म्हणून बँकेच्या लेखी हा माणूस बेकार. पतसंस्था दोन जामीनदार मागते. जामीनदार कोण? शेजारच्या टेबलावरचा दुसरा संशोधक, ज्याची फेलोशिप त्याच पोर्टलवर अडकलेली आहे.

म्हणून मग घर. आणि इथे खरं नुकसान सुरू होतं, जे कुठल्याच अहवालात येत नाही. वडिलांनी विकास सोसायटीतून पीककर्ज उचललेलं असतं. तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज मुदतीत फेडलं तर आपल्याकडे व्याज शून्य पडतं. त्यातले पन्नास-साठ हजार मुलाच्या खोलीभाड्याला जातात, ‘तुझे आले की भरू’ या बोलीवर. मुलाचे येत नाहीत. मुदत टळते. साठ हजारांपायी सबंध कर्जाची व्याजसवलत हातची जाते आणि पुढच्या हंगामाला सोसायटी दारात उभं करत नाही. दिल्लीतल्या उशिराचा भुर्दंड शेटफळगढ्याच्या किंवा लासुर्ण्याच्या शेतकऱ्याला! मुलींच्या बाबतीत बहुधा पीककर्जाच्या आधी आईची पाटली जाते. सोनेतारण कर्ज तसं वाईट नाही. बँकेत ठेवलं तर खासगी उसनवारीपेक्षा कितीतरी स्वस्त. पण पाटली बँकेत गेल्याची बातमी घरात कुणाकुणाला कळू द्यायची, यात त्या मुलीची जी शक्ती जाते ती प्रबंधात लागायला हवी होती.

बंधुभगिनींनो, पैसे द्यायची तारीख आणि पैसे यायची तारीख यांची गाठ न पडणं, ही आपल्या मुलखाची जुनी कहाणी आहे. मुंबई इलाख्यातली जी प्रसिद्ध जमीन मोजणी आणि साराबंदी, तिची सुरुवात कुठे झाली? इंदापूर तालुक्यात. गोल्डस्मिड आणि विंगेट या दोन इंग्रज अधिकाऱ्यांनी केलेली ही आकारणी १८३६ मध्ये तीस वर्षांसाठी लागू झाली. व्यवस्था पुष्कळ विचारपूर्वक केलेली होती, आधीच्या आकारणीपेक्षा सौम्यही होती. पण सारा रोख भरायचा होता आणि ठरल्या तारखेला भरायचा होता. पीक मात्र पावसाच्या मर्जीने यायचं. मधल्या महिन्यांत कुणब्याने काय करायचं? त्या मधल्या महिन्यांत सावकार उभा राहिला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धात कापसाला भाव आला, उधार सढळ झालं, १८६५ नंतर भाव कोसळला, मुदत संपल्यावर साराही वाढवला गेला. आणि १२ मे १८७५ रोजी आपल्या सुप्यात, तेव्हाच्या भीमथडी आणि आजच्या बारामती तालुक्यातल्या सुप्यात, दंगा झाला. तिथून तो पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला.

त्या दंग्यात लोकांनी मागितलं काय? धान्य नाही. बहुतेक ठिकाणी जीवही नाही. त्यांनी कर्जरोखे आणि वह्या मागितल्या आणि मिळतील तिथे जाळल्या. का? कारण वही एकाच्याच घरात होती. मुद्दल किती, व्याज किती, फिटलं किती, हे सगळं सावकाराच्या हातचं, आणि कुणब्याचा फक्त अंगठा. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. त्याने न्यायालयाला रोख्याच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली. सावकाराने पावती द्यावी, हिशेबाचा उतारा द्यावा, हेही त्यात आलं. आपण सहकारावर अभिमानाने बोलतो, बोलावंच. पण या मातीतला पहिला मोठा झगडा कर्जमाफीसाठी नव्हता असं मी म्हणतो. तो हिशेब दाखवा यासाठी होता. इतिहासकार माझ्याशी भांडतील, भांडू द्या.

हे सगळं दीडशे वर्षांपूर्वीचं. आज पीएचडी करणाऱ्या मुलाच्या मोबाईलवर रात्री अकराला जाहिरात येते. पाच मिनिटांत कर्ज, कागदपत्रं नकोत. दहा हजार मागतो, हातात आठ पडतात, सात दिवसांत दहा परत. वही कुणाच्या हातात? ॲपच्या. आणि सोबत त्याच्या फोनमधले सगळे नंबर, मार्गदर्शकाचा, मामाचा, होणाऱ्या सासऱ्यांचा. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जांसाठी नियम केले. कर्ज थेट कर्जदाराच्या खात्यात जमा झालं पाहिजे आणि सगळे आकार धरून वर्षाचा खरा दर किती, हे सांगणारं पत्रक आधी दिलं पाहिजे. ते पत्रक जो देत नाही त्याच्याकडून चहाचे पैसेसुद्धा घेऊ नका. संख्याशास्त्राच्या चाचण्या लावणारी मुलं हा एक कागद मागायला लाजतात, याचं मला नवल वाटतं.

आता थोडा वेळ मी बाबासाहेबांकडे वळणार आहे. फेलोशिप घेऊन दिवे कसे लावतात, हे सांगायला नव्हे. त्याची गरज नाही. मला त्यांचा जमाखर्च सांगायचा आहे.

१९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांनी तरुण आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात करार, की परत आल्यावर बडोदा संस्थानात दहा वर्षं नोकरी करायची. त्या साडेअकरा पौंडांत न्यूयॉर्कमध्ये राहायचं, जेवायचं, शिकायचं आणि घरी रमाबाईंना पैसे पाठवायचे. ते पाठवत. स्वतःच्या पोटाला चिमटा घेत आणि जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून पुस्तकं घेत. म्हणजे शिष्यवृत्तीवर घर चालवणं हा काही आजचा शोध नाही. १९१६ मध्ये ते लंडनला गेले, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं, ग्रेज इनमध्ये घातलं. आणि काय झालं? शिष्यवृत्तीची मुदत संपली. अभ्यास संपला नव्हता, शिष्यवृत्ती संपली. १९१७ मध्ये अर्ध्यातून परत यावं लागलं. वेगळ्या बोटीने पाठवलेली पुस्तकं पाणबुडीच्या हल्ल्यात समुद्रात गेली. मग मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी, पै-पै साठवणं, शाहू महाराजांची मदत, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजारांचं कर्ज, आणि १९२० मध्ये पुन्हा लंडन. १९२३ मध्ये डीएस्सी. प्रबंधाचा विषय रुपया.

मधली तीन वर्षं बघा. जगाने ज्याला अर्थशास्त्रज्ञ म्हणून ओळखलं त्या माणसाची तीन वर्षं शिष्यवृत्ती आणि पदवी यांच्या मुदती जुळल्या नाहीत म्हणून गेली. आज जुळतात का? फेलोशिप पाच वर्षं. २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएचडीची मुदत सहा वर्षं, शिवाय पुनर्नोंदणी. प्रबंध दिला की फेलोशिप थांबते. मौखिक परीक्षा व्हायला आणखी महिने जातात, आणि नोकरीची जाहिरात निघायला किती, ते तुम्हीच सांगा. हे सहावं वर्ष प्रत्येकाला येणार आहे. त्याची तजवीज पहिल्या महिन्यापासून करावी लागते. वीस हजारांचा महिना धरला तर वर्षाचे दोन लाख चाळीस हजार. साठ महिन्यांत ते साठवायचे तर महिन्याला चार हजार बाजूला. थकबाकी एकदम आली की त्यातले सहा महिन्यांचे चोवीस हजार आधी त्या खात्यात, मग उधारी, मग उरलं तर पाहू. थोडा मोबाईल जुना राहील. राहू दे.

आणि घरच्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. आज सभागृहात आईवडील बरेच दिसतात म्हणून सांगतो. फेलोशिपच्या भरवशावर हप्ता बांधू नका. पोराला सदतीस हजार मिळतात म्हणून चारचाकी काढली, ट्रॅक्टर काढला, असं होतं. हप्ता महिन्याच्या पाच तारखेला जातो; फेलोशिपला तारीखच नाही. एक हप्ता चुकला की दंड, तीन चुकले की पोराच्या नावाची पत गेली, आणि उद्या त्याला खरंच गरज असेल तेव्हा बँक फाईल मिटून ठेवील. त्यापेक्षा शैक्षणिक कर्जाची चौकशी करा. बँकांच्या योजनांत पीएचडीही बसते, परतफेड साधारण अभ्यासक्रम संपून वर्षभराने सुरू होते. मधल्या काळात व्याज चढत असतं, तेवढं लक्षात असू द्या.

विद्यार्थ्यांना एकच सांगतो. वही ठेवा. मेसवाल्या मावशींकडे किती, मित्राकडे किती, दादाकडून आलेले उसने की दिलेले, शासनाकडे किती महिन्यांचे येणे. हो, शासनाकडचं येणंही लिहा, तारखेसकट. पोर्टलवरच्या नोंदीची छायाप्रत, दिलेल्या अर्जाची पोच. उद्या कुणी उशिराची किंमत द्यायची म्हटलं तर हिशेब तुमच्याकडे तयार हवा. आझाद मैदानावर संशोधक मुलं धरणं धरून बसतात तेव्हा त्यांच्या हातात घोषणेच्या पाटीबरोबर हा तक्ता असला, तर समोरच्या अधिकाऱ्याला बोलणं जड जाईल.

पण सगळं विद्यार्थ्यांच्याच गळ्यात घालून मी घरी जाणार नाही. हे सभागृह ज्या माणसांनी भरलंय, त्यांच्याकडे मला मागणं मागायचंय. या परिसरात कारखाने आहेत, पतसंस्था आहेत, जिल्हा बँकेच्या शाखा आहेत. इथल्या महाविद्यालयांत संशोधन होतं, माळेगाव खुर्दला शेतीतल्या अजैविक ताणांवर काम करणारी राष्ट्रीय संस्था आहे. उसाच्या बिलाआधी शेतकऱ्याला उचल देण्याची रीत तुम्हाला माहीत आहे. मग मंजूर फेलोशिपच्या पत्रावर संशोधकाला उचल का देऊ नये? वीस विद्यार्थी धरा, महिन्याला वीस हजार, जास्तीत जास्त सहा महिने. चोवीस लाख रुपयांचा फिरता निधी. बिनव्याजी. पैसे आले की परत, मग पुढच्याला.

अडचण आहे, ती लपवत नाही. कारखाना बिलातून कपात करून घेतो. फेलोशिप थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येते, तिथे कपात करता येत नाही. एखादा बुडवेलही. म्हणून दर महिन्याची उचल महाविद्यालयाच्या शिफारशीवर मिळावी, मार्गदर्शकाने प्रगतीचं पत्र द्यावं आणि निधीचा हिशेब दर तिमाहीला सूचनाफलकावर लागावा, नावं वगळून. बुडीत किती झालं तेही लागावं. माझा अंदाज, बुडीत फार होणार नाही. ज्याला प्रबंध याच महाविद्यालयातून सादर करायचा आहे तो पळून जाणार कुठे?

मार्गदर्शक म्हणून शिफारशींवर सह्या करायला मी तयार आहे. पतसंस्थांचे तीन-चार अध्यक्ष मला पुढच्याच रांगेत दिसतायत. कार्यक्रम संपल्यावर त्यांनी लगेच गाडीकडे जाऊ नये, मागच्या खोलीत चहा ठेवला आहे, तिथे पाच मिनिटं बसू. तोवर अध्यक्षांची परवानगी असेल तर मी प्रश्न घेतो.